कच्चे कैदी, पक्क्या भिंती : भारतीय तुरुंगांच्या अभ्यासात शिरण्यापूर्वी

मराठी वाचकाला तुरुंग आधी पुस्तकांतून भेटतो. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. सुटून आल्यावर आगरकरांनी तिथल्या एकशे एक दिवसांवर पुस्तक लिहिलं. 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने लिहिलं गेलं. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते टिपून घेत. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' कागदावर उतरली. दामोदर हरी चापेकरांचं आत्मवृत्त, सावरकरांचं 'माझी जन्मठेप', गोदावरी परुळेकरांचं 'बंदिवासाची आठ वर्षे'... ही यादी वाढवायला फार डोकं खाजवावं लागत नाही.

या समृद्धीने आपल्या नजरेला एक वळण लावलं. मोठ्या माणसांनी काही काळ राहावं, लिहावं-वाचावं आणि बाहेर येऊन आणखी मोठं व्हावं अशी जागा म्हणजे तुरुंग, असा समज नकळत रुजला. त्याच आवारात दळण दळणारे, भाकऱ्या थापणारे, संडास साफ करणारे शेकडो जण होते. ते कोण होते, कुठल्या कलमाखाली आत आले, त्यांच्यातल्या किती जणांचा खटला उभा तरी राहिला होता, हे प्रश्न या पुस्तकांच्या समासात राहून गेले. लेखकांचा त्यात दोष नाही. त्यांना आपला लढा सांगायचा होता. समासातलं वाचण्याचं काम आता पुढच्यांचं आहे. इतिहासाची विद्यार्थिनी, वकिलीची सनद नुकतीच मिळालेला तरुण, आर्थर रोडच्या फाटकाबाहेर बातमीसाठी तासन्‌तास उभा राहून कंटाळलेला वार्ताहर, या सगळ्यांना या विषयात जागा आहे. गर्दी इथे अजिबात नाही. म्हणजे अभ्यासकांची.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. भारतीय तुरुंगाचा इतिहास समित्यांच्या अहवालांतून वाचला तर तो सुधारणांचा इतिहास वाटतो. नियमपुस्तिका आणि आकड्यांचे तक्ते यांतून वाचला तर तो ताटकळलेल्या माणसांचा इतिहास दिसतो. वाचायला दोन्ही हवेत, पण सुरुवात दुसऱ्यापासून करावी.

तेव्हा आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग १९९५ पासून देशभरच्या तुरुंगांची आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध करतो. २०२२ च्या खंडात, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला, देशात १,३३० तुरुंग होते. त्यांची मंजूर क्षमता ४,३६,२६६ आणि आत असलेली माणसं ५,७३,२२०. गर्दीची ओरड आपण नेहमी ऐकतो, ती खरीच आहे. पण खालची ओळ अधिक बोलकी आहे : या माणसांपैकी ४,३४,३०२ जण न्यायाधीन बंदी, म्हणजे बराकीच्या भाषेत कच्चे कैदी. शंभरातले जवळजवळ शहात्तर. त्यांच्यावरचा आरोप अजून सिद्ध व्हायचा आहे, आणि कायद्याच्या लेखी ते निर्दोष आहेत.

आता महाराष्ट्रातल्या खात्याचं नाव पाहा : कारागृह व सुधारसेवा. ज्याचा गुन्हा ठरलेलाच नाही त्याला सुधारायचं कसं? त्याच्यावर कामाची सक्ती करता येत नाही, त्याला शिक्षेतली माफी नाही, फर्लो म्हणजे संचित रजाही नाही, कारण या सगळ्या गोष्टी शिक्षा झालेल्यांसाठी आहेत. खात्याने स्वतःपुढे ठेवलेलं उद्दिष्ट आत राहणाऱ्या तीन चतुर्थांश माणसांना लागूच होत नाही. हे कुणाच्या निष्काळजीपणामुळे घडलं म्हणून सोडून देण्याइतकं सोपं नाही. संस्था कुणासाठी बांधली आणि ती कुणी भरली, यांत पडलेलं हे अंतर आहे आणि ते कसं पडत गेलं ते कळायला मागे जावं लागतं.

तुरुंग ही शिक्षा इंग्रजांनी आणली, असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धं खरं आहे. मराठी राज्यात दंड होता, प्रायश्चित्त होतं, वाळीत टाकणं होतं, हातपाय तोडणं होतं आणि गडावरची कैदही होती. सखारामबापू बोकिलांसारखा पेशवाईतला धुरंधर कारभारी आयुष्याच्या शेवटी एका गडावरून दुसऱ्या गडावर कैदी म्हणून हलवला गेला आणि रायगडावर गेला. सामान्य कैद्यांना पायात बेडी घालून गडाच्या कामाला जुंपत. वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरचा ग्रंथ १९५३ चा, आणि अठराव्या शतकातल्या महाराष्ट्राच्या दंडव्यवस्थेवरचा सुमित गुहा यांचा लेख १९९५ चा. या दोहोंशिवाय पुढे जाऊ नये. त्या कैदेची मुदत बहुधा ठरलेली नसे. दंड भरेपर्यंत, जामीन मिळेपर्यंत, मर्जी फिरेपर्यंत माणूस गडावर. इंग्रजांनी आणला तो मोजलेला काळ : अमुक गुन्ह्याला अमुक वर्षं, आणि ती मोजायला खास बांधलेली इमारत.

इमारत मात्र लगेच आली नाही. ठाण्याचा मध्यवर्ती तुरुंग म्हणजे पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला, १७३७ ला मराठ्यांनी आणि १७७४ ला इंग्रजांनी घेतलेला किल्ला. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या ठपक्यावरून त्र्यंबकजी डेंगळ्यांना तिथेच ठेवलं होतं. देशी शिपायांवर भरवसा नको म्हणून पहारा गोऱ्यांचा. खिडकीखाली घोड्याची चाकरी करणारा एक मोतद्दार काम करता करता गाणी म्हणे, आणि पळून जायचा बेत त्या गाण्यांतूनच आत पोचत होता असं सांगतात. पहारेकऱ्यांना मराठीचा गंध नव्हता. सप्टेंबर १८१६ मध्ये त्र्यंबकजी निसटले. पुढे १८३३ पासून त्या किल्ल्याचा रीतसर तुरुंग झाला. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी दिलं ते याच तटाआड. शत्रूला तोंड द्यायला घातलेल्या तटाच्या आत आजही कैद्यांची मोजदाद होते.

धोरणाची सुरुवात मेकॉलेपासून धरतात. भारतीय दंडसंहितेचा मसुदा करताना त्याच्या लक्षात आलं की सगळी संहिता कैदेच्या शिक्षेवर टेकलेली आणि कैदेची जागाच धड नाही. १८३५ च्या त्याच्या टिपणावरून तुरुंगशिस्त समिती नेमली गेली. तिचा अहवाल १८३८ चा. तोवर कैदी साखळदंडात रस्ते बांधत असत. समितीला ते पसंत पडलं नाही. रस्त्यावर कैद्याला वारा लागतो, गप्पा होतात, नातलग तंबाखू देऊन जातात. त्याऐवजी भिंतीआड, कंटाळवाणं, अंगमोड करणारं काम द्यावं. हजारेक कैद्यांचे मध्यवर्ती तुरुंग बांधावेत. प्रांताला एक महानिरीक्षक असावा. शिक्षण आणि उपदेश यांवर समितीने फारशी आशा ठेवली नाही. मला हा अहवाल त्याच्या प्रामाणिकपणासाठी मोलाचा वाटतो. सुधारणेचं सोंग न घेता त्यात स्पष्ट म्हटलं आहे की तुरुंग धाक बसवण्यासाठी आहे. नंतरचे अहवाल इतके सरळ बोलत नाहीत.

आता ज्या गोष्टीवर मी थोडा रेंगाळणार आहे ती म्हणजे जेवण.

पूर्वी कैद्याला रोजचे काही पैसे मिळत, तो शिधा विकत घेई आणि आपली चूल आपण पेटवी. शिस्तीच्या दृष्टीने हा सावळागोंधळ. म्हणून १८४० च्या दशकात एकत्र स्वयंपाक, एक आचारी, एक पंगत अशी पद्धत सुरू झाली आणि बिहारच्या तुरुंगांत दंगे उसळले. कुणाच्या हातचं खायचं, हा तिथे जिवापेक्षा मोठा प्रश्न होता. १८५५ मध्ये आरा आणि मुजफ्फरपूर इथे कैद्यांचे पितळी लोटे काढून घेऊन मातीची भांडी दिली, तेव्हा तर गावचे लोक तुरुंगाच्या बाजूने रस्त्यावर उतरले आणि लोटे परत करावे लागले. डेव्हिड अर्नोल्ड आणि आनंद यांग यांनी या प्रकरणांवर लिहिलं आहे. मिशेल फुकोचं तुरुंगाच्या जन्मावरचं १९७५ चं पुस्तक वाचून जे या विषयात येतात, आणि बहुतेक जण तसेच येतात, त्यांनी अर्नोल्डचा १९९४ चा निबंध लगेच हाती घ्यावा. सगळं पाहणारी आणि सगळं वळवणारी यंत्रणा शोधायला गेलो, तर वसाहतीतला तुरुंग गळका निघतो. कैदी, वॉर्डर, बाजार आणि गाव यांच्यात देवाणघेवाण चालूच असते.

या दंग्यांतून सरकारने काढलेली तोड अशी : पंगत एकच ठेवायची, पण आचारी 'योग्य' जातीचा नेमायचा. पुढे हीच तडजोड नियमपुस्तिकांत बसली. स्वयंपाक कुणी करायचा, झाडू कुणी मारायचा, मैला कुणी उचलायचा, हे काही राज्यांच्या पुस्तिकांत जातीची नावं घेऊन किंवा 'अशा कामाची सवय असलेले' असा आडपडदा ठेवून छापलेलं होतं. दंगा शमला, राज्य बदललं, संविधान आलं, अस्पृश्यता गुन्हा ठरली आणि पुस्तिका पुनर्मुद्रित होत राहिल्या. सुकन्या शांता या पत्रकार महिलेने या विषयावर बातमीदारी करून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने जातीवर आधारलेली कामवाटणी घटनाबाह्य ठरवली. कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाका, असाही आदेश दिला. १८४० च्या दशकातल्या चुलीपासून या निकालापर्यंतचा धागा सलग विणणारा मराठी ग्रंथ अजून लिहिला जायचा आहे. विषय शोधणाऱ्याने इथे थांबावं.

त्याच निकालात विमुक्त जमातींचाही मुद्दा होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः संशयित ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारांच्या कुंपणाआड कुटुंबच्या कुटुंबं राहिली, हजेरी देत, गिरणीत राबत. कुणालाही न्यायालयाने शिक्षा केलेली नव्हती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला, आणि त्याची जागा सराईत गुन्हेगारांविषयीच्या राज्याराज्यांच्या कायद्यांनी घेतली; मुंबई राज्याचा १९५९ चा. तुरुंगाच्या इतिहासात सेटलमेंट घालायची की नाही, यावर अभ्यासकांत दुमत असेल. मी घालतो. भिंत विटांची की तारेची, हा तपशील आहे. निकालाशिवाय डांबणं ही वस्तुस्थिती दोन्हीकडे एकच. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' आणि लक्ष्मण माने यांचं लेखन आपण दलित-भटक्यांचं साहित्य म्हणून वाचतो. दंडव्यवस्थेच्या अभ्यासाचा भाग म्हणूनही ते वाचावं.

एकोणिसाव्या शतकातला तुरुंग बऱ्याच अंशी डॉक्टरांच्या ताब्यात होता. जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन तोच अनेकदा तुरुंगाचा अधीक्षक. मृत्यूचं प्रमाण भयंकर असल्यामुळे आहार, वजन, पटकी, हिवताप यांच्या बारीक नोंदी झाल्या आणि त्या नोंदींतून तुरुंगाची प्रयोगशाळा झाली, कारण बाहेरची रयत अशी मोजून घेणारी नव्हती. हाफकिन यांनी प्लेगची लस जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. कैद्याची स्वेच्छा म्हणजे काय, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासकारांनी आपल्यासाठी शिल्लक ठेवला आहे.

कारखानदारीवर दोनच वाक्यं. विंडसरच्या राजवाड्यात वॉटर्लू दालनात अंथरलेला अवाढव्य गालिचा आग्र्याच्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला आहे, आणि येरवड्याचे गालिचेही एके काळी नावाजलेले होते. राणीच्या पायाखालच्या त्या गाठी कुणी मारल्या, त्यांची नावं गालिच्यासोबत विंडसरला गेली नाहीत.

समुद्रापलीकडचा अध्याय वेगळाच आहे. काळं पाणी म्हटलं की आपण अंदमानवर थांबतो, पण हिंदुस्थानातून कैदी पाठवणं १७८७ मध्ये सुमात्रातल्या बेंकुलेनपासून सुरू झालं. पुढे पेनांग, मॉरिशस, सिंगापूर. उलटा प्रवासही होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिंगापूरकडून आलेले चिनी आणि मलाय कैदी महाबळेश्वरला ठेवले होते. तिथले रस्ते, भाजीचे मळे, वेताच्या टोपल्या यांत त्यांचा हात आहे. क्लेअर अँडरसन यांनी हिंदी महासागरातल्या या येण्याजाण्याचा मागोवा घेतला आहे. १८५७ च्या उठावात तुरुंग फोडले गेले आणि कैदी मोकळे झाले, हेही त्यांनीच बारकाईने मांडलं. उठावानंतर १० मार्च १८५८ ला दोनशे कैदी घेऊन जहाज पोर्ट ब्लेअरला लागलं. सेल्युलर जेल बांधायला १८९६ ते १९०६ ही वर्षं लागली. सात पाकळ्या, मधे मनोरा : बेंथमच्या आदर्श तुरुंगाचा नकाशा पाहिलेल्याला ओळखीचं वाटावं असं. पण प्रत्येक पाकळीच्या कोठड्या पुढच्या पाकळीच्या पाठीकडे तोंड करून आहेत. कैद्यांनी एकमेकांना पाहू नये, याची काळजी त्या रचनेत अधिक आहे.

आणि मग १८९४ चा तुरुंग कायदा. छोटा आहे, एका बैठकीत वाचून होतो, आणि प्रत्येक नव्या अभ्यासकाने तो खरंच एका बैठकीत वाचावा. अधीक्षक, वैद्यकीय अधिकारी आणि जेलर यांची कामं त्यात आहेत. स्त्री-पुरुष, कच्चे-पक्के, दिवाणी-फौजदारी कैदी वेगळे ठेवावेत असं कलम २७ सांगतं. कामावरच्या कैद्याचं पंधरवड्याला वजन करून हिस्टरी टिकिटावर लिहावं, असं कलम ३५. तुरुंगातल्या गुन्ह्यांना काय शिक्षा, याची यादी लांब. त्यात बेड्या आहेत आणि तीसपर्यंत फटके आहेत. कच्च्या कैद्याच्या वाट्याला मात्र तीनेक कलमं येतात : त्याने घरचं अन्न आणि स्वतःचे कपडे वापरायला हरकत नाही, वगैरे. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कच्चा कैदी हा दोन दिवसांचा पाहुणा होता, शिवाय बाहेर कुणीतरी असलेला. तो वर्षानुवर्षं आत राहील आणि बाहेरून डबा आणणारं त्याला कुणी नसेल, ही शक्यता त्या मसुद्यात नाही. आणि कलम ५९ ने बाकीचे नियम करायची मुभा प्रांतांना दिली. नियमपुस्तिकांचं जंगल तिथून वाढलं.

१९१९-२० च्या कार्ड्यू समितीने इंग्लंड, अमेरिका, जपान पाहून येऊन पहिल्यांदा ठसठशीत म्हटलं की कैद्याला सुधारणं हे तुरुंगाचं काम आहे. राजकीय कैद्यांचा रेटा याच काळात वाढत होता. जतीन दास यांनी लाहोरच्या तुरुंगात त्रेसष्ट दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर १९२९ ला प्राण सोडले. पुढच्या वर्षी अ, ब, क असे वर्ग आले. वर्ग ठरवताना शिक्षण, समाजातलं स्थान, राहणीमान पाहायचं होतं. मागणी होती सगळ्या राजकीय कैद्यांना माणूस म्हणून वागवण्याची. मिळाली ती आणखी एक उतरंड. येरवड्यात गांधी-आंबेडकरांमध्ये २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला, त्या आवारातही क वर्गाचे कैदी आपापली कामं करतच असणार.

स्वातंत्र्यानंतरचं सगळं लवकर सांगता येतं, आणि त्यातच त्याचं मर्म आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत तुरुंग राज्यांच्या यादीत गेले, चौथ्या क्रमांकावर. म्हणून 'भारतीय तुरुंगव्यवस्था' हा शब्दप्रयोग सोयीचा असला तरी वास्तवात प्रत्येक राज्याचं वेगळं घर आहे. संयुक्त राष्ट्रांकडून आलेले डॉ. रेकलेस १९५२ मध्ये अहवाल देऊन गेले, १९५७ ते ५९ एक समिती बसली आणि १९६० ला आदर्श नियमावली आली, न्या. मुल्ला समितीने १९८० ते ८३ देश पालथा घालून तुरुंग समवर्ती सूचीत आणायला सांगितलं, न्या. कृष्ण अय्यर समितीने १९८७ मध्ये स्त्री-कैद्यांबद्दल लिहिलं. २००३, २०१६ ला पुन्हा आदर्श नियमावल्या आणि २०२३ ला केंद्राने आदर्श कायदा करून राज्यांकडे पाठवला. आदर्श या शब्दाला इथे बंधनकारक असा अर्थ नाही.

स्त्रियांचं प्रमाण सगळ्या कैद्यांत जेमतेम चार टक्के. त्यामुळे बहुतेकींना पुरुषांच्या तुरुंगातल्याच एका बंदिस्त आवारात ठेवतात. वाचनालय, कारखाना, दवाखाना पलीकडच्या बाजूला. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर राहू शकतं आणि त्या मुलाचं दूध, शाळा, खेळ यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सविस्तर निर्देश दिले. या आवारांवर मराठीत फार थोडं लिहिलं गेलं आहे.

महाराष्ट्राने या विषयाला दिलेली एक गोष्ट मात्र जगाला सांगण्यासारखी आहे. औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं गेलं : खुनासारख्या गुन्ह्यांतले कैदी, त्यांना शेती, त्यांची बायकामुलं सोबत, कुंपण नाही. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून येऊन इथलाच झालेला मॉरिस फ्रीडमन यांची ही कल्पना. ग. दि. माडगूळकरांच्या कथेवरून व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' केला आणि गोष्ट घराघरांत गेली. सिनेमाने ती एका सज्जन जेलरची गोष्ट केली; त्याला नायक लागतोच. इतिहासात ती एका संस्थानाची गोष्ट आहे, ज्याने त्याच वर्षी गांधींच्या सल्ल्याने राज्यकारभार रयतेच्या हाती सोपवणारी घटना स्वीकारली होती. गावावर विश्वास टाकणारं राज्य कैद्यावरही टाकू शकलं. वसाहत आजही सांगली जिल्ह्यात आहे. खुल्या तुरुंगात जागा मिळते ती अर्थातच शिक्षा झालेल्यांना, तीही निवडून. कच्च्या कैद्यासाठी स्वतंत्रपूर नाही.

गोव्याचा धागा लिस्बनकडे जातो. आग्वादच्या किल्ल्यात १९४६ मध्ये डॉ. लोहियांना ठेवलं होतं. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्यांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडलं. आणि मोहन रानडे गोवा मुक्त होऊनही १९६९ पर्यंत पोर्तुगालच्याच तुरुंगात राहिले. दुसऱ्या एका साम्राज्याची दंडव्यवस्था आपल्या शेजारीच होती. तिची कागदपत्रं वाचायला पोर्तुगीज शिकावं लागेल, आणि ते शिकावं.

न्यायालयांचा भाग वकील मंडळींना ठाऊक असतो, पण त्यातली एक मराठी नोंद सहसा सुटते. प्रभाकर संझगिरी हे भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी 'अणूच्या अंतरंगात' हे विज्ञानावरचं मराठी पुस्तक लिहिलं आणि हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवायची परवानगी मागितली. सरकारने ती नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की स्थानबद्धतेच्या नियमांत जे निर्बंध नाहीत ते सरकारला लादता येणार नाहीत. सुनील बात्रा खटला १९७८ चा, हुसैनआरा खातून १९७९ चा. कैदी भिंतीआड गेला म्हणून त्याचे हक्क बाहेर राहत नाहीत, ही वाट त्यांच्या कितीतरी आधी अणुविज्ञानावरच्या एका मराठी हस्तलिखितानेही तुडवली होती.

हुसैनआरा प्रकरणात बिहारमधले असे कच्चे कैदी उजेडात आले की ज्यांनी संभाव्य शिक्षेहून जास्त काळ आत काढला होता. शीघ्र खटला हा मूलभूत हक्क ठरला, हजारो सुटले. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५ च्या दुरुस्तीने कलम ४३६-अ आलं : कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला की सुटका, काही अपवाद सोडून. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने, पहिलाच गुन्हा असेल तर, ही मर्यादा एक तृतीयांशावर आणली. तरीही प्रमाण शहात्तरावर कसं, हे समजून घ्यायचं तर तुरुंगाकडे पाठ करून न्यायालयाच्या व्हरांड्यात जावं लागतं. जामीन मंजूर होतो, पण सातबारा किंवा पगारपत्रक असलेला जामीनदार मिळत नाही. पोलीस गार्ड मिळाला नाही म्हणून कैदी तारखेला आणला जात नाही. साक्षीदार येत नाही, तारीख पडते.

सुरुवात कुठून करावी, हा प्रश्न विद्यार्थी विचारतातच. आपल्या राज्याची नियमपुस्तिका घ्या आणि आहाराचं प्रकरण आधी वाचा. राज्य माणसाची किंमत काय लावतं ते तिथे ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. मग मुंबई इलाख्याच्या तुरुंगखात्याचे जुने वार्षिक अहवाल आणि राज्य अभिलेखागारातली न्याय विभागाची दफ्तरं. महुआ बंद्योपाध्याय यांचं कोलकात्याच्या तुरुंगावरचं २०१० चं पुस्तक वाचा; तुरुंगात बसून, बोलून, पाहून संशोधन कसं होतं ते त्यातून कळेल. तशी परवानगी आज मिळवणं कठीण आहे. पण प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांचा आढावा घेणारी समिती बसते, विधी सेवा प्राधिकरणाचे वकील तुरुंगात जातात, आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना त्यांच्याबरोबर काम करता येतं. तेही जमलं नाही तर रिमांडच्या वेळी दंडाधिकाऱ्याच्या कोर्टात मागच्या बाकावर बसावं. तिथे जायला कुणाची परवानगी लागत नाही. पूर्वी तारीख म्हणजे गाडीतून शहर दिसायचं आणि व्हरांड्यात घरच्यांशी चार शब्द व्हायचे. आता पुष्कळदा कैदी पडद्यावरच हजर होतो. नाव पुकारलं जातं, तो मान हलवतो, पुढची तारीख मिळते आणि दुसऱ्याचं नाव येतं. किती सेकंद लागले, किती जणांना वकील होता, किती जणांनी तोंड उघडलं, एवढं वहीत मांडत गेलं तरी महिन्याभरात आजवर कुणी मराठीत न मांडलेला तक्ता हाती येईल.